पाणी बसण्याची वाट : कॉनिस्टनच्या पॉवर रेकॉर्ड्स वीकला पहिल्यांदा जाताना

पॉवरबोटींच्या वेगविक्रमांच्या या आठवड्यासाठी कॉनिस्टनला पहिल्यांदा जाणारा माणूस बहुतेक वेळा शर्यत बघायची म्हणून निघतो, आणि तिथल्या पहिल्या तासाभरात गोंधळतो. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर झालेल्या पॉवरबोटींच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी सुटणाऱ्या बोटी असतात, वळणावरची चढाओढ असते, पहिला-दुसरा नंबर असतो. इथे यातलं काहीच नाही. एका वेळी पाण्यावर एकच बोट. ती सरळ जाते, मोजून ठेवलेला एक किलोमीटर पार करते, थांबते, वळते आणि त्याच वाटेने परत येते. चुरस घड्याळाशी. दोन बोटींच्या मध्ये कधी दहा मिनिटं जातात, कधी दोन तास. ते दोन तास कशासाठी जातात हे कळलं, की हा आठवडा खरा दिसायला लागतो.

जागा इंग्लंडच्या वायव्येला, कम्ब्रियातल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये. कॉनिस्टन वॉटर हे तळं साधारण ८ किलोमीटर लांब, जेमतेम पाऊण-एक किलोमीटर रुंद, आणि सर्वांत खोल जागी ५६ मीटर. वर्षभर या तळ्यावर यांत्रिक बोटींना ताशी १० मैलांची मर्यादा असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला या एका आठवड्यापुरती खास परवानगीने ती उठते. हा उपक्रम १९७० च्या दशकापासून शेजारच्या विंडरमियर तळ्यावर चालायचा. तिथे २००५ मध्ये वेगमर्यादा लागू झाली आणि तो कॉनिस्टनवर आला. जागा मात्र वेगाला जुनी आहे. सर माल्कम कॅम्बेल यांनी १९३९ मध्ये इथेच ताशी १४१.७४ मैलांचा जागतिक विक्रम केला. त्यांचा मुलगा डोनाल्ड कॅम्बेल याने १९५६ ते १९५९ अशी चार वर्षं लागोपाठ ‘ब्लूबर्ड के ७’ या बोटीत बसून याच पाण्यावर स्वतःचा विक्रम मोडला आणि २२५ मैलांवरून २६० मैलांपर्यंत नेला.

जायचं कसं, ते थोडक्यात. लंडनहून रेल्वेने ऑक्सनहोम, तिथे गाडी बदलून विंडरमियर स्टेशन, आणि तिथून ५०५ नंबरची बस कॉनिस्टनला. हिवाळ्यात बसच्या फेऱ्या कमी होतात, त्यामुळे परतीच्या शेवटच्या बसची वेळ निघायच्या आधी बघून ठेवायची. मोटारने मँचेस्टरहून दोन तास धरा. एम ६ च्या ३६ नंबरच्या जंक्शनला उतरून अँबलसाइडमार्गे. शेवटचा रस्ता अरुंद आहे, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आहेत, पहाटे त्यावर बर्फाचा पातळ थर असू शकतो. जमलं तर आदल्या रात्री गावातच मुक्काम करावा, कारण दिवसातलं सगळ्यात चांगलं पाणी सकाळी मिळतं. दहाला पोहोचलेल्या माणसाच्या हातून अर्धा दिवस निसटलेला असू शकतो.

कपड्यांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेक जण चुकतात. तापमान बघून कपडे घेतात, आणि पाच-सात अंश काही फार नाही असं वाटतं. पण इथे चालायचं नसतं, उभं राहायचं असतं. तेही ओल्या लाकडी धक्क्यावर किंवा काठच्या गोट्यांवर. थंडी तळपायातून वर चढते. म्हणून जाड तळाचे, पाणी न शिरणारे बूट आणि लोकरी मोज्यांचा एक जादा जोड हे जाकिटापेक्षा महत्त्वाचं. आत थर्मल, वर लोकर, त्यावर पाऊस आणि वारा दोन्ही अडवणारं कवच. हातमोजे असे घ्या की ते न काढता दुर्बीण फिरवता येईल. लहान मुलं बरोबर असतील तर कानांसाठी मफ घ्या. टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज धक्क्याजवळ फार तीक्ष्ण लागतो. आणि थर्मास. गावात आणि काठावर खाण्यापिण्याची सोय आहे, पण वारा पडल्यावर नेमके आपण चहाच्या रांगेत उभे असणं सोसत नाही. हे दिवस बहुधा दिवाळीच्या पुढे-मागे येतात. फराळाचा डबा सोबत असेल तर हातमोजे न काढता खाता येईल असं काही त्यात ठेवा; चकली चालते, चिवडा नाही.

आता सकाळ. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आसपास मावळतो. म्हणजे उजेडच नऊ तासांचा. त्यातला पहिला भाग धुक्याचा असू शकतो, कारण रात्री डोंगरउतारांवरून थंड हवा खाली उतरते आणि तळ्याच्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब अजून थोडी शिल्लक असते. धुकं असताना बोट सोडत नाहीत. चालकाला समोरचा बोया दिसला पाहिजे, आणि बचावबोटींना चालक दिसला पाहिजे. अपघात झालाच तर दहा-एक अंशांच्या पाण्यात माणूस फार वेळ काढू शकत नाही.

धुकं उठलं की पाण्याकडे बघायला लागायचं. तळं जवळजवळ उत्तर-दक्षिण पसरलं आहे, दक्षिणेचं टोक थोडं नैर्ऋत्येकडे झुकलेलं. नैर्ऋत्येचा वारा असेल तर तो तळ्याच्या सगळ्या लांबीवरून वाहतो, आठ किलोमीटर त्याला मोकळे मिळतात, आणि उत्तरेच्या टोकाला येईपर्यंत लाटा चांगल्या वाढलेल्या असतात. तसा दिवस असेल तर गावातल्या रस्किन म्युझियमचा कार्यक्रम (त्याबद्दल पुढे) सकाळीच उरकून टाका. पश्चिमेचा वारा असेल तर ‘ओल्ड मॅन ऑफ कॉनिस्टन’ हा ८०० मीटरचा डोंगर तो अडवतो खरा, पण अधूनमधून कड्यावरून झोत खाली कोसळतात. पाण्यावर गडद ठिपका उमटतो आणि पंख्यासारखा पसरत जातो. हे झोत बोटीच्या बाजूवर बसतात, म्हणून चालक त्यांना सरळ वाऱ्यापेक्षा जास्त बिचकतात.

नवख्याला वाटतं की पाणी आरशासारखं झालं म्हणजे उत्तम. तसं नाही. अगदी गुळगुळीत पाण्याला बोटीचा तळ चिकटतो. तळ आणि पाणी यांच्यामध्ये हवा शिरायला जागाच राहत नाही. अंगावर काटा यावा इतपत बारीक लहर असली तर तळाखाली हवा जाते, घर्षण कमी होतं आणि बोट मोकळी पळते. हाताच्या बोटाएवढी लाट झाली की लहान बोटी थांबतात, वीतभर झाली की बहुतेक सगळ्याच. काठावरून लाटेची उंची कळत नसेल तर तरंगत्या धक्क्याच्या कडेकडे बघा. पाणी कडेवर चुळचुळ करतंय की थापा मारतंय, एवढ्यावरून पुढच्या अर्ध्या तासाचा अंदाज येतो.

वाट पाहायच्या वेळात बोटी ठेवलेल्या भागाच्या जवळ, जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत, जरूर जा. या आठवड्याचं अर्धं शिक्षण तिथे आहे. पाण्यात बोट चार क्षण दिसते, इथे ती उलटी-पालटी समजून घेता येते. तीन प्रकार ओळखायला शिका. पहिला हायड्रोप्लेन: पुढे दोन्ही बाजूंना दोन फुगीर पाय, मागे पंखा (प्रोपेलर), पूर्ण वेगात बोट या तीन जागीच पाण्याला टेकते. दुसरा दोन तळांची बोट, मधून बोगदा गेलेला. त्या बोगद्यात कोंडलेली हवा बोटीला उचलून धरते. तिसरा इंग्रजी व्ही आकाराचा एकच तळ, जो लाट कापत जातो, थोडा जास्त खळाळ सहन करतो, पण तेवढाच पाण्याला धरूनही राहतो. बाकी रबरी बोटी असतात, जेटस्की असतात, १५ अश्वशक्तीच्या छोट्या इंजिनांवर धावणाऱ्या मुलांच्या बोटी असतात.

मुलांच्या बोटींकडे पाठ फिरवू नका. विक्रम वर्गावर ठरतो: तळाचा प्रकार, इंजिनाची क्षमता, बोटीचं वजन. ताशी ४० मैलांनी जाणारी बोटही आपल्या वर्गाचा राष्ट्रीय विक्रम घेऊन जाऊ शकते, आणि ११० मैलांनी जाणारी रिकाम्या हाताने परत येऊ शकते. फक्त वेग बघत बसाल तर त्या दिवशीचा खरा मोठा प्रसंग डोळ्यांसमोरून जाईल आणि कळणार नाही. कोणती बोट कोणत्या वर्गात आहे आणि त्या वर्गाचा सध्याचा आकडा किती, हे विचारून वहीत लिहून घ्या. विचारलं की लोक सांगतात.

इंजिनाशी एखादा मेकॅनिक स्पार्क प्लग काढून उजेडात धरताना दिसला तर थांबा. आपल्याकडे जुन्या स्कूटरवर वाढलेल्यांना हे दृश्य ओळखीचं वाटेल. प्लगचं टोक फिक्या चहासारखं तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. काळं आणि तेलकट असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ताकद वाया जातेय. पांढरटलेलं असेल तर धोका आहे, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. थंडीत हवा दाट असते, प्रत्येक घोटाबरोबर इंजिनात प्राणवायू जास्त जातो. उन्हाळ्यातलीच जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, कार्ब्युरेटरमध्ये राहिली तर मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि पूर्ण वेगात जाम होतो. म्हणून इथे येणारे लोक मोठ्या जेटचा संच डबीत घेऊन येतात आणि सकाळ-दुपारच्या तापमानातल्या फरकासाठीसुद्धा बदलतात. चारचौघं एका प्लगवर डोकं घालून बघताहेत आणि कुणीच बोलत नाही, एवढं दिसलं की समजायचं की पहिली फेरी मनासारखी झालेली नाही.

पंख्याच्या पात्यांकडेही नजर टाका. धार वस्तऱ्यासारखी असते आणि म्हणूनच नाजूक. नोव्हेंबरमध्ये पावसाने ओढ्यांतून फांद्या आणि पानांचा पुंजका तळ्यात येतो. मनगटाएवढी फांदी अर्धवट बुडून तरंगत असेल तर वरून दिसत नाही, आणि शंभर मैलांच्या वेगात ती पातं मोडते किंवा तळ फाडते. त्यामुळे दिवस सुरू व्हायच्या आधी एखादी बोट सावकाश वर-खाली फिरताना दिसली तर कंटाळून तोंड फिरवू नका. ती वाट झाडून घेतेय.

चालकाच्या तयारीत सगळ्यात साधी दिसणारी वस्तू सगळ्यात महत्त्वाची आहे: त्याच्या अंगाला बांधलेली, इंजिनाच्या स्विचला जोडलेली दोरी. माणूस बाहेर फेकला गेला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. उघड्या बोटीत माणूस मोकळा बसतो, बाहेर फेकला जाणं हेच तिथे वाचण्याचं साधन. बंद कवचात मात्र तो पट्ट्यांनी बांधलेला असतो, आणि बोट उलटली तर पाण्याखाली उलटं लटकून पट्टे सोडवत बाहेर यावं लागतं. याची परीक्षा आधी द्यावी लागते. उलटी फिरणारी खुर्ची पाण्यात घालून ती घेतात.

मग कधीतरी वारा पडतो. हे अचानक होतं. धक्क्यावरची माणसं बोलता बोलता थांबतात, ट्रेलर हलायला लागतो, बचावबोटी निघतात. त्या आपापल्या जागी पोहोचून इंजिन बंद करतात आणि स्थिर राहतात, आपल्याच लाटांनी मार्ग बिघडू नये म्हणून. बोट सावकाश बाहेर जाते, नजरेआड होते. इथे नवखा चुकतो: तो आवाजाची वाट बघतो. आवाज आला की त्या दिशेला दुर्बीण लावतो, आणि तिथे काही नसतं. पाऊण किलोमीटर अंतरावरून आवाज यायला सव्वादोन सेकंद लागतात. ताशी १०० मैलांनी जाणारी बोट तेवढ्यात १०० मीटर पुढे गेलेली असते. म्हणून कानांवर भरवसा ठेवायचा नाही. मोजलेला पट्टा कुठून कुठे आहे हे आधी विचारून घ्या, त्याच्या सुरुवातीच्या आधीच्या पाण्यावर दुर्बीण रोखा, आणि पांढऱ्या तुऱ्याची वाट बघा. पंखा अर्धा पाण्याबाहेर असतो आणि मागे पाणी उंच उडवतो. तो तुरा बोटीच्या कितीतरी आधी दिसतो. दुर्बीण ८ पटीची पुरे. १० पटीची थरथरते आणि धावती बोट त्यात सापडत नाही.

बोट समोर आली की तळाखाली बघा. नीट जमलेल्या फेरीत बोटीच्या पुढच्या अर्ध्या भागाखालून पलीकडचा काठ दिसतो. उजेडाची बारीक फट, हलणारी, पण बंद न होणारी. ती फट म्हणजे चालकाचं सगळं कौशल्य. इंजिनाचा कोन थोडा वर केला की बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचललं जातं, पाण्याला टेकलेला भाग कमी होतो, वेग वाढतो. कोन कमी पडला तर फट मिटते आणि बोट पाणी नांगरत जाते. जास्त झाला तर नाळ वर-खाली डोलायला लागते, आणि प्रत्येक डोलण्यात हवेला तळाखाली शिरायला आणखी जागा मिळते. हवेची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ८० मैलांवरून १०० मैलांवर गेलं तर वेग सव्वापट होतो, पण उचल दीडपटीहून जास्त. त्या घडीला समोरून वाऱ्याचा झोत आला किंवा एक चुकार लाट लागली, तर नाळ वरच जात राहते आणि बोट पाठीवर पडते. त्यामुळे डोलणं दिसलं आणि त्याच क्षणी इंजिनाचा सूर खाली आला, तर चालकाने योग्य तेच केलं असं समजा, मग तिथे विक्रम गेला तरी.

पहिली फेरी संपली की निम्मे प्रेक्षक टाळ्या वाजवून वळतात. वळू नका. विक्रमासाठी दोन्ही दिशांनी धावावं लागतं आणि सरासरी धरली जाते, म्हणजे वाऱ्याची मदत एका फेरीत मिळाली तर दुसरीत फेडावी लागते. जाताना १०० आणि येताना ९४, तर हाती ९७. अंतर एवढं बारीक असतं की ताशी १०० मैलांना किलोमीटर २२.३७ सेकंदांत होतो आणि पाव सेकंद वाचवला तर वेग फक्त एका मैलाने वाढतो. परतीच्या फेरीला ठरावीक वेळेचं बंधन असतं, आणि मधल्या मिनिटांमध्ये अडचण असते ती स्वतःच्याच लाटांची. बोटीने उठवलेल्या लाटा दोन्ही काठांना आपटतात, परत फिरतात आणि मध्यावर एकमेकींना भेटतात. थांबावं तर पाणी बसतं, पण वेळ जातो, इंजिन थंड होतं, आणि वारा पुन्हा उठू शकतो. निघावं तर आपलाच खळाळ तुडवत जायचं. पलीकडच्या टोकाला थांबलेला तो एकटा माणूस काय ठरवतोय, ही या खेळातली सगळ्यात मोठी घडामोड आहे, आणि ती काठावरून दिसत नाही. म्हणून त्या वेळात मी पाण्याकडे बघत राहायला सांगेन.

४ जानेवारी १९६७ च्या सकाळी डोनाल्ड कॅम्बेलची पहिली फेरी ताशी २९७ मैलांहून जास्त झाली होती. तो इंधन भरायला थांबला नाही, वळून लगेच परत निघाला. परतीत वेग ३२० मैलांच्या पलीकडे गेला, नाळ उचलली गेली, बोट हवेत उलटली आणि पाण्यावर आपटून फुटली. कारणांबद्दल जाणकारांमध्ये आजही वाद आहे, फक्त लाटांवर ठपका ठेवणं सोपं होईल. बोट २००१ च्या मार्चमध्ये वर काढली, त्याच वर्षी मेमध्ये त्याचा देह सापडला, सप्टेंबरमध्ये कॉनिस्टनच्याच दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली. या आठवड्यात पहिल्यांदा ताशी १०० मैल ओलांडणाऱ्याला के ७ क्लबचा गोल्ड स्टार मिळतो, तो याच बोटीच्या नावाचा.

दुरुस्त झालेली के ७ मार्च २०२४ पासून गावातल्या रस्किन म्युझियममध्ये आहे. वारा असलेल्या दिवशी तिथे जा. हिवाळ्यात वेळा कमी असतात, आधी बघून घ्या. सकाळी धक्क्यावर लहान हायड्रोप्लेन पाहिलेली असेल तर के ७ समोर उभं राहिल्यावर ओळख पटते: तेच पुढचे दोन पाय, तीच तीन टेकण्याची जागा, फक्त पंख्याच्या जागी जेट इंजिन. हिरवळीवर कॅम्बेल आणि त्याचा मुख्य मेकॅनिक लिओ व्हिला या दोघांचं मिळून स्मारक आहे. मेकॅनिकचं नाव बरोबरीने कोरलंय, हे मला फार योग्य वाटतं.

फोटो काढणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गावाकडचा काठ पश्चिमेचा, तिथून सकाळी उजेड समोरून येतो आणि बोट काळी दिसते. तुरा मात्र पेटल्यासारखा चमकतो. दुपारनंतर सूर्य पाठीशी येतो आणि रंग, नंबर नीट उमटतात. ब्रँटवूडच्या बाजूचा पूर्व काठ याच्या उलट, शिवाय तिथून मागे ओल्ड मॅन मिळतो. रस्ता अरुंद आहे, गाडी वाटेल तिथे लावू नका. ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स, बोट गोठवायची तर सेकंदाचा हजारावा भाग, वेग दाखवायचा तर अडीचशेवा, आणि बोटीबरोबर कंबरेतून वळायचं.

विक्रम झाल्याची बातमी लगेच खरी धरू नका. आकडा जाहीर झाला तरी बोटीची तपासणी उरते. इंजिन उघडून सिलिंडरचं माप घेतात, आणि ते वर्गात बसलं तरच पुढे कागद जातो. काही वेळा काठावरचा जल्लोष संध्याकाळी मागे घ्यावा लागतो.

तीननंतर गर्दी पांगायला लागते. तेव्हाच थांबण्यात अर्थ असतो. दिवसभर वाहिलेला वारा उजेड उतरताना पुष्कळदा पडतो, आणि सकाळपासून ताटकळलेल्या बोटींची रांग त्या अर्ध्या तासासाठी सज्ज असते. फेऱ्या पटापट होतात, कधी शेवटचा माणूस जेमतेम दिसत्या उजेडात परत येतो. सगळ्या बचावबोटी धक्क्याला लागल्या की त्या दिवसाचं काम संपलं. तोवर पाय हलवत राहायचे, आणि टॉर्च खिशात ठेवायचा. गावाकडे जाणारा रस्ता लांब नाही, पण नोव्हेंबरात पाच वाजता तो पूर्ण अंधारात असतो.